«आई काहीच खात नाही हो»: हॉस्पिटलमधल्या खंगलेल्या वृद्धांच्या जेवणाबद्दल नेहमीचे प्रश्न

मी ठाण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वॉर्डात तसं कोणी म्हणत नाही, 'डाएटवाल्या मॅडम' म्हणतात. राउंड आटोपून निघाले की नातेवाईक लिफ्टपाशी गाठतात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. न्यूमोनिया, खुब्याचं हाड, पक्षाघात अशा कशानं तरी भरती झालेल्या आणि आधीच वाळलेल्या म्हाताऱ्या माणसांबद्दलचे हे प्रश्न आहेत. मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असेल तर खालचे आकडे तुमच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वापरू नका.

आजार न्यूमोनियाचा आहे. तुम्ही जेवणाचं काय घेऊन बसलात?

कारण खोकून कफ बाहेर काढायला स्नायू लागतात, आणि ताप-जंतुसंसर्गात शरीर पहिला हात घालतं ते स्नायूंवरच. तरुण माणूस आठवडाभर उपाशी राहिला तरी भरून काढतो. पंचाहत्तरीच्या माणसाला ते जमत नाही. दहा दिवस पलंगावर पडून राहिलं तर धडधाकट वृद्धांच्याही पायांचे स्नायू जवळपास किलोभर घटतात. इथे तर आजार आहे, वर पोटात काही नाही. मग जखम भरत नाही, बेडसोर होतात, आणि चालत आलेले आजोबा व्हीलचेअरवरून घरी जातात.

स्वित्झर्लंडमधल्या ८ हॉस्पिटलांत सुमारे २,००० रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे कुपोषणाच्या धोक्यातले, बरेचसे सत्तरीच्या आसपासचे. निम्म्यांना नेहमीचं हॉस्पिटलचं जेवण दिलं. उरलेल्यांचं प्रत्येकाचं कॅलरी-प्रथिनांचं गणित मांडून ते पुरं होईल असं बघितलं, तेही बहुतेकांना तोंडावाटेच. महिन्याभरात पहिल्या गटात शंभरातले १० दगावले, दुसऱ्यात ७. एवढा फरक एखाद्या गोळीनं पाडला असता तर तिची जाहिरात स्टेशनाबाहेर लागली असती.

पण सलाईन चालू आहे ना? त्यातून ताकद मिळते की.

हा गैरसमज मी रोज ऐकते. साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असतं, कॅलरी शून्य. 'डीएनएस'ची (ग्लुकोज घातलेल्या सलाईनची) ५०० मिलिलीटरची बाटली घेतली तर त्यात २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे जेमतेम ८५ कॅलरी. एका पोळीएवढ्या. प्रथिनं अजिबात नाहीत. दिवसभरात तीन बाटल्या चढल्या तरी जेमतेम तीन कोरड्या पोळ्यांएवढ्या कॅलरी मिळतात. सलाईन पाण्यासाठी आणि क्षारांसाठी असतं. शिरेवाटे पूर्ण पोषण देता येतं, पण ते वेगळं द्रावण असतं, महाग असतं, आणि आतडं चालत नसेल तेव्हाच वापरतात.

कुपोषण म्हणजे जव्हार-मोखाड्याची मुलं ना? आमचे बाबा तर चांगले ८० किलोचे आहेत.

जव्हार-मोखाडा २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते, त्यामुळे 'कुपोषण' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तीच मुलं येतात. पण ८० किलोचा माणूस तीन महिन्यांपूर्वी ९० किलोचा असेल, तर तोही कुपोषित असू शकतो. पोट तेवढंच राहतं, दंड आणि मांड्या आटतात. अंगावर सूज असेल तर काटाही फसवतो.

वजनाचा आकडा आठवत नसेल तर वस्तू बघा. अंगठीला दोरा गुंडाळावा लागतोय का, बांगड्या कोपरापर्यंत चढतात का, ब्लाउजला सेफ्टी पिन आलीय का, घड्याळाच्या पट्ट्याला नवं भोक पाडलंय का? मी नातेवाइकांना हेच विचारते, कारण 'वजन कमी झालंय का'वर सगळे 'थोडंफार' म्हणतात. मग शिंप्याची टेप घेऊन पोटरी मापते. सूज नसताना सगळ्यात जाड जागी ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर काळजीचं आहे. सत्तरीनंतर आपल्याकडच्या लोकांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २० च्या खाली असेल तरी तसंच. उंची १५० सेंटिमीटर असेल, तर ४५ किलोला बीएमआय बरोबर २० होतो.

हे माप भरती झाल्यावर पहिल्या दिवशीच घ्यायला हवं. फाईलमध्ये वजनाची जागा रिकामी दिसली तर सिस्टरांना विचारा. विचारण्यात काही गैर नाही.

नक्की किती खायला हवं?

ढोबळ हिशेब: किलोमागे दिवसाला ३० कॅलरी, आणि आजारपणात १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. ४५ किलोच्या आजीला साधारण १,३५० कॅलरी आणि ५४ ते ६७ ग्रॅम प्रथिनं लागतात.

आता प्रत्यक्ष काय पोटात जातं ते बघा. सकाळी चहा आणि दोन मारी, चार चमचे उपमा. दुपारी अर्धी पोळी, वाटीभर वरणाचं वरचं पाणी, दोन घास भात. संध्याकाळी पुन्हा चहा-मारी. रात्री 'नको, पोट गच्च आहे'. बेरीज केली तर ४५०-५०० कॅलरी आणि फार तर १५ ग्रॅम प्रथिनं. आणि मुलगा मला सांगतो, 'मॅडम, तशी खाते थोडं थोडं.'

यावर 'जास्त खा' हा उपाय नाही, ते तिला जमणारच नाही. तेवढ्याच घासात जास्त भरायचं. वरणाचं पाणी नको, खालचं घट्ट वरण द्या, वाटीत ६-७ ग्रॅम प्रथिनं येतात. मऊ भातावर मेतकूट आणि चमचाभर तूप, त्या तुपाच्याच ४५ कॅलरी. २०० मिलिलीटर दुधात ६ ग्रॅम असतात, त्यात दोन मोठे चमचे दूध पावडर कालवली की ११ होतात. अंड्यात ६. कुस्करलेल्या ५० ग्रॅम पनीरमध्ये ९. भाजीत, कोशिंबिरीत, दह्यात मूठभर दाण्याचं कूट घातलं तर आणखी ५. असं करत करत पन्नाशी गाठता येते, ताट मोठं न करता.

खरं म्हणजे हे ज्ञान आपल्या घरात पहिल्यापासून आहे. बाळंतीण घरी आली की डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरं सुरू होतं, कारण झीज भरून काढायची असते. आजीचीही झीजच झालेली असते, आणि तिला आपण मारी बिस्किटं देतो. लाडू चावत नसेल तर दुधात कुस्करून द्या.

हॉस्पिटलचं जेवण वेळेवर येतं. तरी ताट तसंच परत का जातं?

एकदा माझ्या एका आजींच्या फाईलमध्ये तीन दिवस 'डाएट टेकन' लिहिलेलं होतं आणि तीन दिवसांत वजन सव्वा किलोनं उतरलं होतं. चौथ्या दिवशी साडेबाराला मी पलंगाशी जाऊन उभी राहिले. मावशींनी ताट लॉकरवर ठेवलं आणि त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या. लॉकर आजींच्या डाव्या हाताला, आणि पक्षाघात डाव्याच बाजूला. उजवा हात तिथवर पोचत नव्हता. पोचला असता तरी ताटावर ताणून बसवलेला प्लॅस्टिकचा कागद एका हातानं सुटला नसता. त्या पडल्या पडल्या ताटाकडे बघत होत्या. सव्वा वाजता मावशी आल्या, 'आजी, नको का?' म्हणाल्या. आजी गप्प. ताट गेलं, फाईलमध्ये खूण झाली. मावशींचा दोष म्हणावा तर त्यांच्याकडे तीस पलंग होते. वाढणं एकाचं काम, उचलणं दुसऱ्याचं, आणि पोटात काय गेलं हे बघणं कोणाचंच नाही.

ब्रिटनमधल्या काही हॉस्पिटलांत अशा रुग्णांना लाल रंगाच्या ट्रेमध्ये जेवण देतात, म्हणजे हिला भरवायला माणूस लागतं हे दुरून कळतं. आपल्याकडे लाल ट्रे तुम्ही आहात. जेवणाच्या वेळी घरचं एक माणूस तिथे असू द्या, भेटीची वेळ ती नसली तरी तेवढ्यापुरता पास मागा. ताट उजव्या हाताशी ठेवा, कागद काढा, चष्मा लावा, उशी लावून नीट बसवा. टीव्हीवरची मालिका बंद.

आणि एका वहीत लिहा: पूर्ण, अर्धं, पाव, काही नाही. ग्रॅम-बिम लिहायची गरज नाही. ताटातलं पाव किंवा त्याहून कमी खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त असतं हे अनेक देशांतल्या हॉस्पिटलांच्या पाहणीत दिसलं आहे. दोन दिवस 'पाव' आलं की ती वही घेऊन डॉक्टरांपुढे जा. 'खात नाही' या तक्रारीपेक्षा वही जास्त बोलते.

तोंडाला चवच नाही म्हणतात.

आधी तोंड उघडून बघा. जिभेवर पांढरा थर असेल तर बुरशी असू शकते, त्यावर औषध आहे. नंतर कवळी. एका आजोबांची कवळी एन्डोस्कोपीच्या आधी काढली होती, रुमालात गुंडाळून लॉकरमध्ये ठेवली होती, आणि ती परत बसवायची हे सगळेच विसरले. आजोबा चार दिवस चहावर. कवळी धुऊन बसवल्यावर त्यांनी पहिली मागणी केली ती मामलेदारच्या मिसळीची. ती काही मिळाली नाही, पण तर्रीशिवाय मटकीची मऊ उसळ वाटीभर खाल्ली. वजन उतरलं की हिरड्या आक्रसतात आणि जुनी कवळी सैल होते, तेही तपासा.

मग औषधं. मेट्रोनिडाझोलनं तोंड धातूसारखं कडवट होतं, मेटफॉर्मिन आणि लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं, डिगॉक्सिनचं प्रमाण वाढलं तर भूकच मरते. गोळ्या स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि चार दिवस पोट साफ झालेलं नसेल तर कोणाला भूक लागेल? हे लाजेपोटी कोणी सांगत नाही.

चवीसाठी लिंबू पिळा, कोकमाचं सार द्या, जिरं-हिंगाची फोडणी द्या.

घरचा डबा आणला तर चालेल का? बोंबलाचं कालवण?

बहुतेक ठिकाणी परवानगी घेऊन चालतो. अडचण रस्त्याची असते. घोडबंदर रोडवर अडकलेला डबा दोन तासांनी वॉर्डात पोचतो, तेव्हा तो गारही नसतो आणि गरमही नसतो. जंतूंना हेच तापमान आवडतं. थर्मासचा डबा घ्या, उकळतं भरा, आल्यावर लगेच भरवा. उरलेलं लॉकरमध्ये 'रात्रीला' ठेवू नका.

मासळीचा प्रश्न मला चेंदणी कोळीवाड्यापासून दिवाळ्यापर्यंत सगळीकडचे विचारतात, आणि अगदी बरोबर विचारतात. आयुष्यभर दोन्ही वेळा मासळी खाल्लेल्या बाईसमोर दुधीची भाजी ठेवली तर ती तोंड फिरवणारच. हॉस्पिटलात मांसाहार चालत असेल तर ताजी मासळी मऊ असते, पचायला हलकी असते, प्रथिनं चांगली असतात. काटे स्वतःच्या हातानं काढून, भातात कालवून द्या. बोंबलात पाणीच फार, तेव्हा रस्सा पाजून समाधान मानू नका, मासा पोटात गेला पाहिजे. सुकट, सोडे मात्र बरेचदा खारट असतात. हृदय कमकुवत, बीपी किंवा पायांवर सूज असेल तर ते नकोत. हॉस्पिटल शाकाहारी असेल तर हुज्जत न घालता पनीर-दही-उसळीकडे वळा.

भेटायला येणाऱ्यांनी काय आणावं?

जांभळी नाक्यावरून सफरचंदं आणि शहाळी येतात. सफरचंद चावत नाही. शहाळ्याच्या पेलाभर पाण्यात ४० कॅलरी, प्रथिनं नावाला, आणि पोटॅशियम भरपूर, म्हणजे किडनीच्या रुग्णाला ते धोक्याचंच. त्यापेक्षा श्रीखंडाचा छोटा डबा आणा. चावावं लागत नाही, थंड असतं, चार चमच्यांत बरंच काही जातं. केळं, राजगिऱ्याचा लाडू चालेल.

शुगर आहे म्हणून भात, बटाटा, फळं सगळं बंद केलंय. बरोबर ना?

वाळलेल्या म्हाताऱ्या माणसात बहुतेक वेळा चूक. डायबेटिस, बीपी, कोलेस्टेरॉल अशी तीन पथ्यं एकावर एक चढली की ताटात उरतं काय? दुधीचं पाणी. अशा रुग्णांत पथ्य सैल करावं आणि साखर औषधानं सांभाळावी, असंच आज मार्गदर्शक सूचना सांगतात. साखर-गूळ आवरता घ्या, पण भात-वरण-तूप काढून घेऊ नका. काही न खाता नेहमीचं इन्सुलिन घेतलं तर साखर धाडकन खाली येते, ते जास्त घातक.

आज एकादशी, आई खाणार नाही म्हणते.

वाद घालू नका, हरण्याची खात्री आहे. साबुदाण्याची खिचडी मात्र नको, साबुदाण्यात निव्वळ पिठूळ पदार्थ, प्रथिनं जवळपास नाहीत. भगर आणि दाण्याची आमटी द्या, दही, दूध, राजगिरा. हे सगळं उपासाला चालतं आणि साध्या दिवसाच्या ताटापेक्षा कित्येकदा जास्त पौष्टिक असतं.

अल्ब्युमिन कमी आलंय. रोज सहा अंड्यांचा पांढरा भाग द्यायला सांगितलंय.

आजारपणात अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) खाली येतं ते मुख्यतः शरीरातल्या दाहामुळे. आजार ओसरला की ते वर येतं. त्या एका आकड्यावरून पोषण ठरत नाही आणि नुसत्या पांढऱ्यानं तो आकडा वाढत नाही. पांढऱ्या भागात १७ कॅलरी, अख्ख्या अंड्यात ७०. कॅलरी कमी पडल्या तर शरीर खाल्लेली प्रथिनंही जाळून टाकतं. पिवळा बलक फेकू नका.

पावडरचा डबा घ्यावा का?

साध्या जेवणातून भागत नसेल तर हो, आणि औषधासारखा घ्यावा. दिवसाला त्यातून किमान ४०० कॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, आणि महिनाभर तरी चालू राहायला हवा. डब्यावरचा तक्ता वाचा. कित्येक पावडरी एका पेल्यात ८-१० ग्रॅमच प्रथिनं देतात. म्हणजे दिवसातून दोन चमचे दुधात घालून काही होत नाही. जेवणाच्या आधी पाजला तर जेवण जातं, म्हणून दोन जेवणांच्या मध्ये किंवा रात्री झोपताना द्या. रात्रीचं जेवण सातला आणि नाश्ता आठला, हे तेरा तास कोरडे जातात. तो खड्डा भरायला हा पेला चांगला. परवडत नसेल तर दूध, दूध पावडर, भाजक्या डाळ्याचं पीठ आणि केळं मिक्सरमधून काढा. मला तरी त्यात कमीपणा वाटत नाही.

भरवताना ठसका लागतो.

तिथेच थांबा. गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाणीसुद्धा नको, कारण घास श्वासनलिकेत गेला तर नवा न्यूमोनिया होतो. स्पीच थेरपिस्ट गिळणं तपासतात आणि किती घट्ट द्यायचं ते सांगतात. अनेकांना पातळ पाण्याचा ठसका लागतो पण घट्ट लापशी नीट उतरते. सरळ बसवून, लहान चमच्यानं, पहिला घास गिळल्याचं बघून दुसरा. नंतर अर्धा तास आडवं करू नका. आवाज ओला-घोगरा झाला तर ती खूण आहे.

नळी म्हणजे शेवटच आला का?

नाही. गिळता येत नाही पण पोट चालतंय, अशा वेळी नाकातली नळी हा थोड्या आठवड्यांचा पूल असतो. चार आठवड्यांहून जास्त लागेल असं दिसलं तर पोटातून नळी घालण्याचा विचार करतात. फीड देताना डोकं ३० ते ४५ अंश वर, आणि नंतर पाण्यानं नळी धुवायची. घरचं सूप गाळून घ्या, नाहीतर नळी तुंबते.

एक मात्र लक्षात घ्या. पाच-दहा दिवस काहीच पोटात गेलेलं नसेल तर पहिल्या दिवशी दाबून द्यायचं नाही. एकदम अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांत हे दिसलं होतं. म्हणून आम्ही सुरुवातीला थोडंच देतो, थायमिन (जीवनसत्त्व बी१) देतो, रोज रक्त तपासतो. नातेवाइकांना वाटतं मॅडम कंजूषपणा करतात.

सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलं, ती झाली संध्याकाळी पाचला. रोजचंच आहे.

सकाळीच विचारा: किती वाजता, आणि पुढे ढकललं तर खायला द्यायचं का. शस्त्रक्रियेआधीही साधारणपणे घन अन्न सहा तास आणि पाण्यासारखे द्रव दोन तास बंद ठेवतात. मध्यरात्रीपासून उपाशी ठेवायलाच हवं असं नाही. ताट चुकलं तर स्वयंपाकघराला उशिराचं ताट मागा.

डिस्चार्ज मिळाला. आता काय?

कार्डावर नऊ गोळ्यांची नावं असतात आणि जेवणाच्या रकान्यात 'सॉफ्ट डाएट'. निघण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: आजचं वजन, दिवसाचं प्रथिनांचं लक्ष्य, पावडर किती दिवस. मघाच्या स्विस रुग्णांचा हॉस्पिटलातला आधार संपल्यावर सहा महिन्यांनी बघितलं तर दोन्ही गटांतला फरक जवळपास पुसला गेला होता. घरी चालू राहिलं नाही की असं होतं.

वाशी-नेरूळच्या सेक्टरांत कितीतरी आजी-आजोबा एकटे राहतात, मुलं परदेशात. पोळी-भाजी केंद्राचा डबा लावलेला असतो. नुसती पोळी-भाजी लावू नका, उसळ किंवा घट्ट डाळ रोज हवी हे सांगून ठेवा, दही घरात ठेवा. दर रविवारी एकाच काट्यावर वजन. आणि खुर्चीतून उठ-बस, दिवसातून दोन-तीनदा, कारण नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत.

ते म्हणतात, 'मला आता नको, बस झालं.'

आधी बघा की यामागे दुखणं, उदासी, बद्धकोष्ठता, एकटेपणा नाही ना. जेवताना कोणी शेजारी बसलं तर चार घास जास्त जातात हे मी कितीदा पाहिलंय. पण स्मृतिभ्रंश फार पुढे गेलेला असेल किंवा आयुष्याचा शेवटचा टप्पा असेल, तर नळीनं आयुष्य वाढतं असं दिसत नाही आणि त्रास मात्र होतो. अशा वेळी आकडे बाजूला ठेवा. ओठ ओले ठेवा, मागतील तर चमचाभर आंब्याचा रस, आवडीचा घास, हातानं, त्यांच्या गतीनं. तोंड बंद केलं की थांबा. जबरदस्तीनं चमचा दातांवर आपटू नका.